तारीखवाले न्यायमूर्ती

न्यायमूर्तींच्या अंगात भीती लहानपणापासूनची. वडील मालधक्क्यावर वजनकाट्याचे कारकून होते. मालधक्क्याच्या साहेबाचे बूट जिन्यावर वाजले की घरातलं बोलणं बंद व्हायचं, आणि ते पुन्हा खाली उतरेपर्यंत वडील शर्टाची बटणं चाचपत उभे राहायचे. आई म्हणायची, मोठा झालास की असं काम बघ की तुझ्यावर कुणी ओरडणार नाही. मुलाने शोधून शोधून असंच काम काढलं, जिथे बाकी सगळे उभे राहतात आणि आपण तेवढं बसायचं. तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की उंच खुर्चीवरून भीती जरा लांबपर्यंत दिसते, एवढाच काय तो फरक.

पहिली नेमणूक एका आडगावच्या फौजदारी कोर्टात झाली. खोलीवर पत्रे होते, दुपारी टेबलावरचा पेपरवेटसुद्धा तापायचा. तिथे न्यायाधीशाचं मुख्य काम म्हणजे कच्च्या कैद्यांना तारखा देणं. पोलीस दोरी धरून माणसं आणायचे, वकील दोन शब्द बोलायचा आणि साहेब सांगायचे, "पुढची तारीख अमुक. आरोपीला हजर करावे." पुढचा. "पुढची तारीख तमुक. आरोपीला हजर करावे." वर्षानुवर्षं हे वाक्य बोलून त्यांच्या तोंडाला त्याची वाट पडली. बायको सांगायची की झोपेतसुद्धा ते कुणाला ना कुणाला हजर करायला सांगत असतात.

तिथेच त्यांना आयुष्यभर पुरेल असा शोध लागला. निकाल दिला की एक बाजू कायमची चिडते. तारीख दिली की दोन्ही बाजू चिडतात, पण अर्ध्याच, आणि घरी जातात. तेव्हापासून त्यांनी होता होईल तो निकाल टाळला. नाकासमोर चालले, पैशाला शिवले नाहीत, कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. वकिलांनी त्यांना नाव ठेवलं 'तारीखवाले'. बाररूममध्ये एक जण नेहमी सांगायचा की साहेबांना देवाने जन्माची तारीख दिली तर साहेबांनी लगेच पुढची मागितली. ही गोष्ट त्यांच्याही कानावर आली होती. ते हसले होते. जो कुणाला नकोसा होत नाही, तो ज्येष्ठतेच्या यादीत आपोआप वर सरकतो. तसे ते सरकत सरकत वरच्या कोर्टात आले.

मग तो हिवाळा आला. एका सकाळी कोर्टाच्या फाटकावर रोज सलाम ठोकणाऱ्या पहारेकऱ्याने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. त्याच्यामागे एक सैनिक उभा होता, त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि न्यायमूर्तींच्या तोंडाकडे असं पाहिलं की त्यांना स्वतःच्याच फोटोबद्दल शंका आली. दुपारपर्यंत कळलं की संसद बरखास्त झाली आहे आणि देश आता एका 'मंडळा'च्या हातात आहे. संध्याकाळी सगळ्या न्यायाधीशांना नव्या शपथेसाठी बोलावलं. शपथ मंडळाशी एकनिष्ठ राहण्याची होती. मुख्य न्यायमूर्तींनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले की मी एक शपथ आधीच घेतली आहे आणि ती अजून संपलेली नाही. त्यांच्यापाठोपाठ आणखी तिघे बाहेर पडले. आपल्या न्यायमूर्तींचे पाय जागचे हलले नाहीत. त्यांनी शपथ घेतली, पण आवाज इतका बारीक निघाला की समोरच्या अधिकाऱ्याने ती दुसऱ्यांदा म्हणायला लावली. म्हणजे इतरांनी एकदा घेतली आणि यांनी दोनदा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की वरचे सगळे गेल्यामुळे आता आपणच सर्वांत ज्येष्ठ झालो आहोत. मोठं चेंबर मिळालं. टेबलाच्या खणात जुन्या मालकाचं चष्मा पुसायचं फडकं तसंच पडलं होतं. न्यायमूर्तींनी खण लावून घेतला तो पुन्हा उघडला नाही.

ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कोर्टात कुठले अर्ज येतात ते सगळ्यांना माहीत होतं. माणसं गायब होत होती, आणि त्यांच्या घरचे अर्ज करत होते की आमच्या माणसाला कोर्टापुढे आणा. न्यायमूर्ती त्यांना तारखा देत होते. तारीख म्हणजे काही नकार नव्हे, असं ते स्वतःला समजावत. घरी जेवताना मात्र घास फिरत राहायचा. बायको विचारायची, आज काय झालं. ते म्हणायचे, काही नाही. आणि खरंच काही झालेलं नसायचं, तीच तर अडचण होती.

त्यातला एक अर्ज पाणीपुरवठा खात्यातल्या एका फिटरच्या बायकोचा होता. ही बाई लोकांचे कपडे शिवून देई. नवरा कामगारांच्या सभेत काहीतरी बोलला होता, आणि त्यानंतर पंपघरातून, सहकाऱ्यांच्या देखत, चार माणसांनी त्याला गाडीत घातलं होतं. सरकारचं म्हणणं एवढंच की असा कुणी माणूस आमच्या ताब्यात नाही. या अर्जाला न्यायमूर्तींनी आधीच बऱ्याच तारखा दिल्या होत्या. बाई प्रत्येक तारखेला येऊन दुसऱ्या बाकावर बसायची. रडायची नाही, बोलायची नाही. न्यायमूर्ती तिच्याकडे बघत नसत, त्यामुळे ती कुठे बसते हे त्यांना अगदी पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी शेवटच्या बाकावर साध्या कपड्यांतले तिघे बसले होते. हे लोक वही उघडत नाहीत, कुजबुजत नाहीत, नुसते बघतात. बाईची वकील बोलत होती आणि न्यायमूर्तींच्या डोक्यात एक अक्षरही शिरत नव्हतं. हे प्रकरण एकदाचं दिवसाच्या यादीतून, बोर्डावरून जावं एवढंच त्यांना वाटत होतं. त्यांनी सरकारी वकिलाला विचारलं की उत्तर द्यायला किती वेळ हवा. सरकारी वकील त्या दिवसांत फार ऐटीत असायचा. तो म्हणाला, "उद्याही चालेल साहेब. आम्हाला सांगायचंच काय आहे?"

न्यायमूर्ती माइककडे झुकले. खाली स्टेनोबाईंची बोटं तयार होती. त्यांनी सांगितलं, "सरकारला उत्तरासाठी वेळ. पुढची तारीख उद्या." एवढ्यावर थांबायचं होतं. पण अंगात भीती भरली की माणूस आपल्या जुन्या वाटेने चालतो, आणि त्यांच्या जिभेची वाट त्या पत्र्याच्या खोलीतली होती. "अटकेतल्या इसमाला हजर करावे," असं ती बोलून गेली.

सरकारी वकील फायलीची नाडी बांधत होता. त्याने फक्त तारीख ऐकली होती. तोही सवयीचाच गुलाम. मान न वळवता म्हणाला, "जी साहेब."

बाईची वकील, पाखरू उडेल की काय अशा बेताने, हळूच खाली बसली. सरकारी वकिलाचे हात नाडीवरच थांबले. शेवटच्या बाकावरचा एक जण उठून बाहेर गेला. आपण काय बोललो ते न्यायमूर्तींना स्वतःच्या आवाजावरून नाही, त्या माणसाच्या पाठीवरून कळलं. जो माणूस ताब्यातच नाही असं सरकार म्हणत होतं, त्याला कोर्टाने भर सभेत अटकेतला म्हटलं होतं आणि उद्या आणायला सांगितलं होतं. सरकारी वकिलाने वर होकार दिला होता.

चेंबरमध्ये आल्यावर त्यांनी स्टेनोबाईंना बोलावलं.

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात, सर."

"पण चुकून म्हणालो."

"ते नाही टिपता येत, सर." बाई हसल्या नाहीत. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या की मी मसुदा टाइप करून आणते, तुम्ही नेहमीसारखा तपासा, जे ठेवाल ते ठेवाल. मला दोन मुलं आहेत, मला मधे घेऊ नका.

नेहमीसारखा तपासा, यात सगळं आलं. कोर्टात बोललेला हुकूम सही होईपर्यंत कच्चा असतो. न्यायाधीश मसुदा वाचतो, पेन्सिलीने शब्द बदलतो, मग सही करतो, आणि सही झालेला कागद कार्यालय बंद व्हायच्या आत खाली दप्तरात गेला की तो पक्का. आपले न्यायमूर्ती तर पेन्सिलीसाठी प्रसिद्ध होते. एका ओळीवर पेन्सिल फिरवली की विषय संपणार होता.

मसुदा टेबलावर आला आणि त्याच्या मागोमाग विधी खात्याचा सचिव आला. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. त्याने परवानगी मागून खुर्ची ओढली, पाणी मागितलं, हवा फार कोरडी झाली आहे म्हणाला. मग म्हणाला की टाइप करताना चुका होतातच, त्यात कुणाचा दोष नसतो. न्यायमूर्ती मान हलवत होते. आपली मान का हलते आहे हे त्यांना कळत नव्हतं.

उठताना सचिवाने विचारलं, "कन्या सरकारी इस्पितळातच आहेत ना अजून? रात्रपाळी असते त्यांना. पुलाजवळून चालत येतात, असं ऐकलं."

"हो," न्यायमूर्ती म्हणाले.

"रस्ता बरा नाही तो," सचिव म्हणाला, आणि दार अगदी हलक्या हाताने लावून गेला.

न्यायमूर्तींनी पेन्सिल उचलली. टोक मोडलेलं होतं. दुसरी घेण्यासाठी खण उघडावा लागणार होता, तो त्यांनी उघडला नाही. तोंडावर पाणी मारावं म्हणून ते न्यायाधीशांच्या मागच्या बोळात गेले. बोळाचं दार सार्वजनिक व्हरांड्याकडे किलकिलं होतं. पलीकडे फिटरची बायको शिपायाशी बोलत होती. न्यायमूर्ती दाराआड थबकले.

ती विचारत होती की उद्या दार किती वाजता उघडतं. शिपाई म्हणाला, नेहमीच्याच वेळेला. ती म्हणाली, मी जरा लवकर येते, पहिल्या बाकावर जागा मिळेल ना? ह्यांना आत आणलं की आधी मी दिसायला हवी. नाहीतर एवढ्या माणसांत घाबरतील ते. दिसायला धिप्पाड आहेत, पण फार घाबरट आहेत हो.

शिपाई म्हणाला, मिळेल बाई जागा.

तिने हुकूम मोडला जाईल का, खोडला जाईल का, यातलं काहीच विचारलं नाही. तिच्या लेखी प्रश्न फक्त जागेचा उरला होता. न्यायमूर्ती तोंड न धुताच परत आले. आतापर्यंत त्यांना फक्त सचिवाची भीती वाटत होती. आता आणखी एक भीती तिच्याशेजारी येऊन बसली, की उद्या सकाळी ती बाई पहिल्या बाकावर असेल आणि दार उघडणार नाही.

मसुदा बॅगेत घालून ते घरी गेले. कार्यालय बंद व्हायला अजून अवकाश होता. मुलगी झोपून उठली होती आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पीत होती. त्यांनी रेडिओ मोठा केला, तिला आणि बायकोला जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. जीभ घसरल्याचंही सांगितलं. पुलाचंही सांगितलं.

बायको म्हणाली, "अहो, आयुष्यभर तारखा दिल्यात. एकदा चुकून काम केलंत, तर तीच चूक सुधारायला निघालात?"

"अगं, चेष्टा सुचते तुला?"

"चेष्टा नाही. मीही घाबरले आहे. घाबरले की मी टोमणे मारते, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही?"

ते मुलीकडे वळले. म्हणाले की मला माझं काही नाही, तुझ्यासाठी खोडतो. मुलीने कप खाली ठेवला.

"बाबा, खोडायचं तर तुमच्या नावाने खोडा. माझ्या नावाने नको." मग म्हणाली, "रोज त्या माणसाच्या बायकोसारख्या बायका इस्पितळात येतात. शवागाराचं दार कुठे, म्हणून मलाच विचारतात. उद्या त्यांना मी काय तोंड दाखवू? मलाही भीती वाटते. पुलावरून मी नाही येणार, मैत्रिणीकडे राहीन. पण माझ्या नावाने नको."

हे ऐकून धीर वगैरे आला असं काही झालं नाही. उलट एक आडोसा गेला. इतका वेळ ते मुलीच्या मागे लपले होते, आता ती बाजूला सरली आणि ते उघड्यावर उभे राहिले. त्यांनी मसुदा काढला. बायकोने न सांगता टेबलावरची भांडी उचलली. सही करताना आडनाव ओळीखाली घसरलं. ड्रायव्हरच्या हातून कागद पाठवावा इतका त्याच्यावर विश्वास नव्हता आणि स्वतःवर त्याहून नव्हता, कारण घरी बसलो तर आपण तो फाडू हे त्यांना माहीत होतं. ते स्वतः परत गेले, जीव मुठीत धरून जिना उतरले आणि दप्तरातल्या कारकुनाच्या टेबलावर कागद ठेवला. कारकुनाने वाचला, त्यांच्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

रात्र कशीबशी गेली. सकाळी कोर्ट खच्चून भरलं होतं. बाई पहिल्या बाकावर होती. सरकारी वकिलाची ऐट उतरली होती. त्याने उभं राहून सांगितलं की माहिती गोळा करायला अवधी लागेल, पुढची तारीख मिळावी. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायमूर्तींच्या ओठांवर तीन आठवड्यांची तारीख अगदी तयार होती. त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. या अर्जात त्या बाईकडे पाहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"तारीख आजचीच," ते म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर. हजर करावे."

या वेळी जीभ घसरली नव्हती, आणि म्हणूनच भीती कालच्याहून मोठी होती. सुट्टीत ते काही खाऊ शकले नाहीत. सुट्टीनंतर ते खुर्चीत बसले आणि दाराकडे बघत राहिले. व्हरांड्यात पाऊल वाजलं की सगळ्या माना वळायच्या, आणि कुणीतरी वकील आत यायचा. बराच वेळ असा गेला. मग दाराची दोन्ही कवाडं उघडली आणि चार पोलिसांमध्ये एक धिप्पाड माणूस आत आला. अंगातला स्वेटर त्याच्या मापाचा नव्हता. तो एक पाय ओढत होता. तो भांबावून खोलीभर बघू लागला, आणि त्याची नजर पहिल्या बाकावर येऊन थांबली. बाई जागची हलली नाही, नुसती ताठ बसली, त्याला नीट दिसावं म्हणून.

न्यायमूर्तींनी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं. सरकारी वकिलाला विचारलं, याच्यावर आरोप काय. तो म्हणाला, सध्या तरी काही नाही. न्यायमूर्तींनी त्याला सोडण्याचा हुकूम सांगितला आणि सही करायला कागद तिथेच मागितला. तेव्हा शेवटच्या बाकावरचे तिघे उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

त्यांचा बेत न्यायमूर्तींना कळला. न्यायाधीश खुर्चीत बसलेला असेपर्यंत कोर्टाच्या आवारात किंवा कोर्टातून परतताना वाटेत कुणालाही धरायचं नाही, हा तिथला फार जुना रिवाज. मंडळाने बरंच काही बदललं होतं, पण हा बदलणं त्याला अजून सुचलं नव्हतं. न्यायाधीश उठले की संपलं. ते तिघे न्यायमूर्तींच्या उठण्याची वाट बघत होते. इतर दिवशी न्यायमूर्ती उठायला टपलेलेच असत.

त्यांनी शिपायाला जवळ बोलावून सांगितलं की या दोघांना माझ्या मागच्या बोळातून ने. बाईची वकील आणि आणखी पाच-सहा वकील न सांगता उठले आणि त्या दोघांभोवती कोंडाळं करून निघाले. बाररूममध्ये सारखा जन्माच्या तारखेचा विनोद सांगणारा तो वकीलही त्यात होता.

"पुढचं प्रकरण," न्यायमूर्ती म्हणाले.

पुढचं प्रकरण दोन शेजाऱ्यांचं होतं, सामाईक गटाराचं. अनेक वर्षं ते तारखा घेत होते. दोघांचे वकील सवयीने तारीख मागायला उभे राहिले. न्यायमूर्तींनी सांगितलं की बोला, ऐकतो. वकिलांनी एकमेकांकडे बघितलं. तयारी कुणाचीच नव्हती. मग न्यायमूर्तींनी शेजाऱ्यांनाच बोलायला लावलं. गटाराचा उतार कुठे, पाणी कुणाच्या अंगणात साचतं, झाकण कुणी फोडलं, सगळं विचारलं. नकाशा मागवला. एक शेजारी म्हणाला की ह्याच्या बापानेच आधी उतार फिरवला. दुसरा म्हणाला, माझ्या बापाला मधे आणू नको, तो उतारावरून चालतही नव्हता. न्यायमूर्ती एक डोळा दारातल्या तिघांवर ठेवून दोघांचं ऐकत होते. ते तिघे घड्याळ बघत होते. खिडकीबाहेरचं ऊन भिंतीवर चढत गेलं, स्टेनोबाईंनी कागद बदलले, आणि न्यायमूर्ती काही उठेनात.

केव्हातरी शिपाई आत आला आणि वाकून म्हणाला की शहराबाहेरच्या रस्त्याला लागले, साहेब. कुठे चालले, ते न्यायमूर्तींनी विचारलं नाही. जे माहीत नाही ते आपल्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, एवढी अक्कल भीतीने त्यांना दिली होती.

पण ते तरीही उठले नाहीत. गटाराचा निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला, कारणांसकट. दोघेही शेजारी चिडले नाहीत. त्यांना इतकं आश्चर्य वाटलं होतं की चिडायचं राहून गेलं.

त्यानंतर बोर्डावर काहीच उरलं नाही. कोर्ट रिकामं झालं होतं, स्टेनोबाई खाली मान घालून बसल्या होत्या. दारातले दोघे निघून गेले होते, एक थांबला होता, आणि त्याच्या शेजारी आता सचिव येऊन उभा होता, अगदी सभ्यपणे, हात मागे बांधून. न्यायमूर्तींनी टेबलाची कड धरली. मग उठले.